न दिसणाऱ्या घावाची हळद

एका राज्यात राजाच्या जखमेचा सण होत असे. हसू नका, खरंच होत असे. राजा लढाईतून किंवा शिकारीतून घायाळ होऊन परतला की गडाच्या महाद्वारावरचा घावनगारा वाजे. नगारा ऐकला की घरोघरची बाई चुलीपुढून उठे, चिमूटभर हळद पानात बांधे आणि महाद्वारी धाडून देई. तिथे मोठी पितळी परात मांडलेली असे आणि परातीशेजारी खुद्द राजा बसलेला असे, कारण हळद येईपर्यंत जखमी राजाने दारातून हलायचं नाही, अशी रीत होती. लोक खालून विचारत, "घाव कुठे?" राजा घाव दाखवी. मग साऱ्या राज्याच्या हळदीचा लेप त्या घावावर चढे, आणि पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना ऐटीत सांगत, "राजाच्या खांद्यात आमची हळद आहे, बरं का!" एरवी हातून पाणी सुटू न देणारी घरंसुद्धा त्या दिवशी चिमूट जरा मोठी करीत.

त्या राज्याच्या गादीवर सोमलदेवी राणी होती. तरुणपणी खिंडीच्या लढाईत तिच्या खांद्यात भाला घुसला होता. तो व्रण दिसावा म्हणून पदर ती मुद्दाम सरकता ठेवी, आणि तिने तो ठेवावाच, असा तो घाव होता.

पण त्या गादीला एक खोड होती. राणीच्या पणजोबांनी कालकेतू नावाच्या जादूगाराच्या गुहेतून एक काळं रत्न लुटून आणलं आणि सिंहासनात जडवलं. कालकेतूने त्यांच्या कानाशी वाकून शाप दिला. पणजोबांनी तो मरण्याआधी मुलाच्या कानात सांगितला, मुलाने त्याच्या मुलाला. सोमलदेवीच्या वडिलांनी तिला जवळ बोलावून सांगितलं, "या गादीवर बसेल त्याला रक्त न येणारा घाव होतो. तो कुणाला दिसू देऊ नकोस." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते शिकारीला गेले आणि सुळक्यावरून पडले. पाय घसरला, असं सारे म्हणाले. पण त्यांचं धनुष्य खुंटीवरच होतं आणि जोडे दाराशी नीट लावून ठेवलेले होते. सोमलदेवीने ते पाहिलं आणि मूग गिळून ती गादीवर बसली.

पुष्कळ वर्षं काही झालं नाही. मग एके सकाळी तिला उठावंसंच वाटेना. उठली ती केवळ दरबार भरला होता म्हणून. त्या दिवसापासून अन्न मातीसारखं लागू लागलं. दरबारात ती हसे, निवाडे करी, आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसे. सज्जात उभी राहिली की खालची दरी तिला नावाने हाक मारी. एकदा तिची एकुलती लेक केतकी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघतेस, पण मी तुला दिसत नाही का?" राणीच्या काळजात चर्र झालं. तिने प्रधानाला बोलावलं.

प्रधान सारंगधर वडिलांच्या वेळचा माणूस. राणीचं सारं ऐकून त्याने आधी दार लोटून घेतलं.

"राणीसाहेब, हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. पलीकडचा राजा मदनपाल सीमेवर घोडे बांधून बसला आहे. राणीचा हात मोडला असं कळलं तर तो थांबेल. मन मोडलं असं कळलं तर उद्याच चालून येईल."

"मग मी काय करू?"

"नदीपार नागार्य नावाचा वैद्य आहे. मनाची दुखणी बघतो. लोक त्याला वेडवैद्य म्हणतात आणि त्याच्या दारावरून जाताना मान फिरवतात. त्याला मी चोरदिंडीने आत घेतो."

प्रधान स्वतः नदीपार गेला. नागार्याने त्याला एकच प्रश्न विचारला, "गडावर हाडवैद्य कोणत्या दाराने येतो?"

"महाद्वाराने. वाजतगाजत."

"मग मीही त्याच दाराने येईन," असं म्हणून नागार्याने दार लावून घेतलं.

तेव्हा राणीच घोंगडं पांघरून निघाली. नागार्य अंगणात मुळ्या वाळत घालत होता. त्याने राणीला ओळखलं, पण तो उठला नाही. त्याने तिची नाडी पाहिली. झोप कशी, भूक कशी, दरी काय म्हणते, सारं विचारलं. कुणीतरी विचारत होतं आणि उत्तराची वाटही बघत होतं, याचंच राणीला नवल वाटलं.

"घाव खोल आहे, पण भरेल," तो म्हणाला. "औषधाला तीन वस्तू लागतील. त्या ज्याच्या त्याने आणायच्या. सुळक्यावरची निद्रावल्लीची मुळी, मुक्या बारवेचं पाणी आणि घराघरातली हळद."

"हळद काय, बाजारात मिळते."

"बाजारातली नको. लोकांनी आपणहून धाडलेली हवी."

राणी आधी सुळक्यावर गेली. वडील पडले तोच हा सुळका, आणि त्याच्याच पोटात कालकेतूची गुहा. निद्रावल्ली अगदी कडेला रुजली होती. राणी पालथी पडून हात लांबवू लागली, आणि दरीने तिला हाक मारली. या वेळी तो आवाज वडिलांचा होता.

"पोरी, खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ," कुणीतरी म्हणालं.

कडेच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. भली मोठी पिवळी चोच, चोचीत उंबराचं फळ. शेजारच्या ढोलीचं तोंड मातीने लिंपलेलं होतं, मध्ये बोटभर फट. त्याने फळ त्या फटीतून आत दिलं आणि मग तो निवांत बोलू लागला.

"आत माझी बायको आहे. अंडी घातली की आमच्या बायका स्वतःला लिंपून घेतात. तिला कुणी वेडी म्हणत नाही. फट ठेवलेली आहे आणि बाहेर मी आहे, मग काय बिघडलं? तुझ्या बापाने फटसुद्धा लिंपून टाकली."

"तू माझ्या वडिलांना ओळखत होतास?"

"तुझ्या पणजोबालाही. कालकेतूने शाप दिला तेव्हा मी या फांदीवरच होतो. तुमच्या घरात तो अर्धाच पोचला."

"उरलेला अर्धा काय?"

"'जोवर हा घाव लपेल, तोवर तो एकाकडून दुसऱ्याकडे जाईल.' एवढं सांगायचं तुझ्या पणजोबाने गाळलं. लाज वाटली असेल. राजांना लाज फार."

राणीच्या डोळ्यांपुढे केतकी उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिने दातओठ खाऊन मुळी उपटली आणि कडेपासून मागे सरकली. दरी ओरडत राहिली. राणीने तिला उत्तर दिलं नाही.

मग ती मुक्या बारवेवर गेली. या बारवेचं पाणी खरं बोलणाऱ्यालाच मिळे. राणीने कळशी सोडली आणि ती म्हणाली, "मी सोमलदेवी, या राज्याची राणी." कळशी कोरडी वर आली. "मी थकले आहे," ती म्हणाली. कळशीत चूळभर पाणी आलं. तेव्हा राणी पायरीवर बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तिला पदर तोंडावर घ्यावासा वाटला, पण तिने तो घेतला नाही. "मला बरं नाही," ती म्हणाली. "मी बापाच्या वाटेने जाईन अशी मला भीती वाटते. मला जायचं नाही." कळशी काठोकाठ भरून आली, आणि ओढायला राणीला दोन्ही हात लावावे लागले.

राहिली हळद. हळद यायची तर नगारा वाजायला हवा, आणि नगारा वाजायचा तर राजाला घाव हवा.

"त्यात काय अवघड आहे?" प्रधान म्हणाला. "दंडावर कट्यारीचा बारीक ओरखडा काढू. घोड्यावरून पडलात म्हणून सांगू. नगारा वाजेल, हळद येईल. कुणाला काही कळणार नाही."

राणीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "ही युक्ती तुम्हाला इतक्या लवकर कशी सुचली, प्रधानजी?"

प्रधानाची मान खाली गेली. "थोरल्या महाराजांच्या वेळी असंच केलं होतं."

वडिलांच्या डाव्या दंडावरचा व्रण राणीला आठवला. घोड्यावरून पडलो, असं त्यांनी सांगितलं होतं. लहानग्या सोमलने स्वतःच्या हाताने त्यावर हळद दाबली होती आणि विचारलं होतं, "बाबा, आता बरं वाटतं ना?" ते हसून हो म्हणाले होते. राणीला हुंदका आवरेना. ती प्रधानासमोरच रडली, आणि रडून झाल्यावर तिने डोळे पुसले.

"साऱ्या राज्याने हळद धाडली, प्रधानजी, आणि ती दंडाला लागली. घाव तसाच राहिला. माझ्या लेकीला मी हा वारसा देणार नाही."

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी घावनगारा वाजला. नगारची बाजूला थिजून उभा होता, टिपऱ्या राणीच्या हातात होत्या. लोक चकित झाले. लढाई नाही, शिकार नाही, मग हे काय? सारं नगर महाद्वारापुढे लोटलं. राणी परातीशेजारी बसली. रीतीप्रमाणे लोकांनी विचारलं, "घाव कुठे?"

राणीने हात छातीवर ठेवला.

"इथे. तो दिसत नाही, पण आहे. हाच घाव माझ्या वडिलांना होता, त्यांच्या वडिलांनाही होता. त्यांनी तो लपवला. मी लपवणार नाही. नदीपारचे नागार्य वैद्य माझ्यावर उपचार करतील, आणि ते या दाराने येतील."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. "राणीला वेड लागलं," असं कुणी म्हणालं आणि ते वाक्य मागे मागे पसरत गेलं. लोक एकमेकांकडे बघत पांगले. परात रिकामीच राहिली. ऊन चढलं, तसं पितळ तापू लागलं.

"आत चला, राणीसाहेब," प्रधान कळवळून म्हणाला.

"हळद येईपर्यंत जखमी राजाने दारातून हलायचं नाही."

प्रधान गडाखाली निघून गेला. राणीला वाटलं, हाही गेला. केतकी तेवढी धावत आली आणि आईला खेटून बसली. राणीने तिच्याकडे पाहिलं. लेकीच्या नाकावर शाईचा डाग होता. किती दिवसांनी तिला असं काही दिसत होतं! तिने तो पदराने पुसला.

मग चढावरून प्रधान परत येताना दिसला. अनवाणी, उन्हाने लालबुंद, हातात हळद बांधलेली दोन पानं. त्याने पहिलं पान परातीत रिकामं केलं. "ही माझ्या घरची." मग दुसरं. "आणि ही थोरल्या महाराजांसाठी. त्या वेळी मी चुकीच्या जागी लावली."

पांगलेले लोक दुकानांच्या सावलीतून बघत होते. त्यांतून खालच्या आळीतली एक बाई पुढे आली. तिने हळद टाकली आणि हळूच विचारलं, "आईसाहेब, माझा धनी कधीचा भिंतीकडे तोंड करून बसलाय. पाहुणे आले की आम्ही त्याला माडीवर कोंडतो. तुमचा वैद्य त्याला बघंल का?"

"बघेल."

"मग हा नगारा त्याचाबी झाला," ती म्हणाली आणि मोकळेपणी रडू लागली.

त्यानंतर काय विचारता! माणसांची रांग गडाच्या पायथ्यापर्यंत गेली. परात भरली, टोपल्या भरल्या, महाद्वाराच्या पायऱ्या पिवळ्याजर्द झाल्या. प्रत्येक दुसऱ्या पानाबरोबर एक कुजबूज येई: माझी सून, माझा भाऊ, मी स्वतः. सकाळी हसलेला माणूसही खाली मान घालून आला. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याची नातवंडं भली माणसं आहेत.

इकडे सिंहासनातलं काळं रत्न निखळून पडलं. बघतात तर नदीतला साधा गोटा. केतकीने तो चिंचोके फोडायला नेला.

मदनपालाचा हेर सारं बघून सीमेवर परतला. "काय, राणी वेडी झाली ना?" मदनपालाने हात चोळत विचारलं.

हेर म्हणाला, "महाराज, राणी दारात बसली होती आणि सारं राज्य मूठ मिटून तिच्याकडे चाललं होतं. प्रत्येक मुठीत हळद होती. त्याच मुठीत उद्या तलवार असेल. मी तरी तिकडे परत जाणार नाही." मदनपालाने घोडे सोडून नेले.

नागार्य वैद्य महाद्वाराने आला, वाजतगाजत आला. मान फिरवणारे लोक माना उंच करून त्याला बघत होते. "पुरे, कान फुटतील," तो नगारचीवर खेकसला, आणि राणीपुढे मुळी, पाणी, हळद यांचा काढा ठेवून म्हणाला, "शाप आज तुटला. घाव भरायला वेळ लागेल. काढा रोज घ्यायचा आणि माझ्यापाशी येऊन बोलायचं. राणी आहात म्हणून सूट नाही."

राणीने सूट मागितली नाही. काही सकाळी पुढेही जड गेल्या. अशा दिवशी ती दरबारात सरळ सांगे, "आज मला बरं नाही," आणि प्रधान कारभार बघे. हळूहळू अन्नाला चव आली. दरी नुसती दरी झाली. सोमलदेवीने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं आणि म्हातारी होऊन, लेकीचा हात हातात घेऊन अंथरुणात मेली. त्या घराण्यात असं मरण कुणाला ठाऊकच नव्हतं.

जाताना तिने केतकीच्या कानात काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं.

त्या राज्यात घावनगारा अजून वाजतो. कधी राजासाठी, कधी खालच्या आळीतल्या कुणासाठी. एवढाच फरक झाला आहे की लोक आता आधी हळद घेऊन येतात, आणि मग विचारतात, "घाव कुठे?"