ओब्रेलचं बिनमुळांचं झाड

चौकात उभं आहे त्याला आम्ही गावकरी झाड म्हणतो, पण जरा जवळ जाऊन बघा. पॉप्लर नावाच्या उंच, सरळ झाडाचा नुसता वाळका सोट आहे तो, जमिनीत पुरलेला. हिरवं दिसतंय ते सगळं सुतळीने बांधलेलं. फोटो हवे तेवढे काढा, फक्त पानं ओढू नका. मागे एका पाहुण्याने ओढली, तर बेकरीवाल्या बाईंनी त्याला पाव द्यायचं साफ नाकारलं. मी सांगलीहून ओब्रेल या फ्रेंच गावात सून म्हणून आले त्याला आता जन्म लोटला. ही हकिकत मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने.

राजाच्या अमलात या गावची एक रीत होती म्हणे. मे महिना लागला की जंगलातून उंच पॉप्लर तोडायचा, रिबिनी बांधायच्या आणि जमीनदाराच्या अंगणात नेऊन पुरायचा. मुळं ठेवायची नाहीत, कारण वाळला की त्याचं सरपणच व्हायचं. हे काम मातुरँ नावाच्या सुताराकडे असे. त्याच्यासारखा सरळ सोट दुसऱ्या कोणाला पुरता येत नसे.

मग पॅरिसमध्ये लोक उठले, राजाचं डोकं उडालं आणि गावात हुकूम आला की चौकात स्वातंत्र्याचं झाड लावा. गाव आनंदाने वेडं झालं. जमीनदार पळाला होता, त्याच्यापुढे टोपी काढायची गरज उरली नव्हती. मातुरँने जंगलातला सगळ्यात देखणा पॉप्लर तोडला आणि हाताला सवय होती तसा चौकात पुरला. मुळांचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बायापुरुष त्याच्याभोवती नाचले. मातुरँची बायको पेरीन नुकत्याच जन्मलेल्या ब्लेझला छातीशी घेऊन नाचली. गवताची कापणी होईतो पानं पिवळी पडली.

त्याच सुमारास शेजारच्या गावचं झाड वाळलं. ज्याने लावलं होतं त्याला क्रांतीचा शत्रू ठरवून नेलं आणि त्याचं डोकं उडवलं. पेरीनला हे धुण्याच्या घाटावर कळलं. ती ओल्या हातांनीच घरी आली.

"आपल्या झाडाला मुळं होती का?" तिने विचारलं.

"कशाला असतील?" मातुरँ म्हणाला. "आजवर कधी ठेवली होती?"

"मग दुसरं लावू."

"आणि हे उपटताना कोणी पाहिलं म्हणजे? उपटणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पेरीन जंगलातून हिरव्या फांद्या घेऊन आली आणि त्या सोटाला बांधल्या. वाळल्या की काढायच्या, नव्या बांधायच्या. शेजारणींनी पाहिलं आणि आपल्या परसातली सुतळी आणून दिली. थंडी आली, नदीकाठचे सगळे पॉप्लर उघडे पडले. तेव्हा खरं तर थांबायला हरकत नव्हती. पण भीतीने अक्कल गहाण पडते तसं झालं. चर्चच्या भिंतीवर आयव्हीची वेल असते, बर्फातही हिरवी राहणारी. बायकांनी ती तोडून बांधली. सगळ्या मुलखात पानं असलेला पॉप्लर तेवढा एक.

भर बर्फात तपासणीला अधिकारी आला. शहरातला माणूस, झाडांशी त्याचा संबंध भाजीपुरता. पेरीनने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. अधिकाऱ्याने झाडाकडे पाहिलं आणि टोपी काढली. "या गावची निष्ठा थंडीलाही हटवता आली नाही," असं म्हणून त्याने मातुरँला मिठी मारली. नवरा वाचला. ओब्रेलचं नाव जिल्हाभर झालं. पेरीनने मात्र पानं बांधणं सोडलं नाही, कारण तपासणी कधीही होईल असं तिला वाटायचं.

वर्षं गेली. डोकी उडवणाऱ्यांची डोकी उडाली, एक सेनापती सम्राट होऊन बसला आणि त्याला सैन्य पुरेना. इतर गावांत चिठ्ठ्या टाकून मुलं निवडत. ओब्रेलला आलेला कारकून म्हणाला, "ज्या गावचं झाड हिवाळ्यातही वाळत नाही, तिथे चिठ्ठ्या कशाला? सगळीच येतील." ब्लेझ तेव्हा मिसरूड फुटलेला जवान होता. पेरीनचं दुसरं मूल नव्हतं.

असं सांगतात की ती चौकात धावली आणि सगळ्यांसमोर तिने सुतळ्या तोडल्या, पानं ओरबाडून काढली. "बघा साहेब, हे मेलंय. पहिल्याच उन्हाळ्यात मेलं. मी बांधत होते. आम्ही कसले निष्ठावान, आम्ही घाबरलेली माणसं आहोत." मातुरँने डोळे मिटले आणि आपल्याला धरायची वाट पाहत उभा राहिला.

कारकुनाने त्या सोटावर बोटांनी टकटक केलं. "बाई, या झाडांचं आता कोण विचारतंय? पॅरिसमध्ये ती केव्हाच तोडली." आणि त्याच सोटाशी त्याने मुलांना रांगेत उभं केलं.

मातुरँ त्या संध्याकाळी एवढंच म्हणाला, "तेव्हा मला नेलं असतं तर बरं झालं असतं."

निघताना ब्लेझने तिला सांगितलं, "आई, ते परत बांध. उघडं बरं नाही दिसत. आणि मी येताना लांबून गाव ओळखू येईल." ती बांधत राहिली. बाकीच्या आयाही आल्या, त्यांना दुसरं करण्यासारखं काय होतं? सम्राटाचं सैन्य रशियात बर्फात गेलं. ओब्रेलचा एकही मुलगा परत आला नाही. पुढे सम्राटही गेला, पुन्हा राजा आला, जमीनदाराचा पुतण्या गावात परतला आणि मे महिन्यात त्याने आपल्या अंगणात सोट मागितला. म्हाताऱ्या मातुरँने तो मुकाट्याने पुरला. चौकातला जुना सोट राजाच्या माणसांनी पाडला होता. त्याच खड्ड्यात त्याने दुसरा पुरला, बायकोसाठी. पेरीन मरेपर्यंत त्याला पानं बांधत होती.

तुम्ही विचाराल की मुळांचं झाड का लावत नाही. सगळेच विचारतात. एका महापौराने लावलंही होतं. छान जगलं ते. मग थंडी पडली, त्याची पानं गळाली आणि चौक उघडा पडला. गावातल्या बायकांनी ते उपटवलं आणि पुन्हा सोट पुरून घेतला. माझ्या सासूबाई त्यात पुढे होत्या. त्या म्हणायच्या, पोरं बर्फातून यायची आहेत, त्यांना हिवाळ्यातच गाव ओळखू यायला हवं.

आजही पानं बांधायला घराघरांतून पाळी लागते. ही टोपली जरा धरता का? आज आमच्या घराची पाळी आहे.