नऊ शिखरांवरच्या गाठी

एकदा काय झालं, डोंगरावर हिवबाई आली थंडी घेऊन. दरवर्षीच यायची ती. सकाळी धुक्याची गोधडी पसरायची आणि ऊन चढलं की घडी करून काखेत मारायची. पण त्या वर्षी वारा फार सुटला होता. गोधडी उडून जाऊ नये म्हणून तिनं काय केलं? नऊ शिखरांना नऊ गाठी मारल्या. बर्फाच्या, मनगटाएवढ्या जाड. आणि गोधडीखाली घोरत पडली.

झालं! खालच्या कारवाडीत सूर्य दिसेना. हरभऱ्याला फुलं धरेनात, धुतलेली लुगडी वाळेनात, शेरडं खोकायला लागली. आणि पोरं, बरं का, हळदीसारखी पिवळी पडली.

त्या वाडीत येसू नावाची धनगरीण राहायची. लांब टांगांची, हट्टी. तिच्या भावाचं तान्हं लेकरू खोकून खोकून निळं पडायचं. ते काही तिला बघवेना. मग ती भिवाआबांकडे गेली. आबा वाडीतले सगळ्यांत म्हातारे. डोळे गेलेले, पण आयुष्यभर त्याच डोंगरांवर गुरं वळलेली.

आबा म्हणाले, "गाठी सोडायला लागतील, पोरी. नऊच्या नऊ. शिमग्यापर्यंत. नंतर त्यांचा दगड होतो."

"मी सोडते," येसू म्हणाली.

"धुक्यात तुला स्वतःचा हात दिसायचा नाही. मला तर कधीच दिसत नाही. तेव्हा वाट मी दाखवतो."

असं म्हणून आबा काठी घेऊन निघालेसुद्धा. मग येसूची ठकूआत्या उठली. आत्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गाठोडं घेऊन ती म्हणाली, "तुम्ही दोघं मुलखाचे घुमे. धुक्यात चुकाल एकमेकांना. मी बोलत राहते, माझा आवाज धरून चाला."

तर असे तिघं पहिल्या शिखरावर पोचले. येसूनं गाठ धरली. ओढली, उपसली, दातांनीसुद्धा चावली. गाठ हलेना. बोटं मात्र लाकडासारखी झाली. तेवढ्यात कपारीतून एक भलंमोठं अस्वल बाहेर आलं, डोळे लाललाल!

आत्या पहिल्यांदाच गप्प झाली.

अस्वल म्हणालं, "ही बाई घोरते म्हणून महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. सरका बाजूला." आणि त्यानं गाठीवर ऊन ऊन फुंकर घातली. फूऽऽ! बर्फ मऊ पडला, येसूनं गाठ सोडली. मग अस्वलही त्यांच्याबरोबर निघालं.

मार्गशीर्ष गेला, तीन गाठी सुटल्या. वाडीतल्या खळ्यावर ताटाएवढं ऊन पडलं. पौष गेला, सहा सुटल्या. हरभऱ्याला फूल दिसलं. माघात सातवी सुटली. पण आबांचे गुडघे सुजले. दहा पावलं चालायचे आणि बसायचे. शिमगा आला चार दिवसांवर. येसूचा जीव खालीवर व्हायला लागला. तिला वाटलं, हे सगळे मला मागं ओढतायत. वाट तर आता मला कळते.

आणि एका पहाटे, सगळे झोपेत असताना, ती एकटीच आठव्या शिखराकडे निघाली.

थोडा वेळ बरं चाललं. मग धुकं दाटलं. मग वाट संपली. मग पायाखालचा धोंडा निसटला, आणि येसू एका अरुंद कड्यावर पालीसारखी चिकटून उभी राहिली. खाली किती खोल, कळेना. वर काय, दिसेना. हाका मारायला गेली, तर थंडीनं आवाजच फुटेना. तेव्हा तिला रडू आलं हो.

किती वेळ गेला कोण जाणे. लांबून आवाज आला, "... आणि सापडू दे तर खरी, अशी कान उपटते तिचा, न खाता न पिता निघून गेली..."

आत्या! येसूला तो आवाज साखरेहून गोड लागला. पाठोपाठ काठीची टकटक आली. अस्वल तिचा वास काढत आलं होतं, आणि त्याच्या पाठीवर बसून काठीनं कातळ चाचपत आबा.

"आबा, चुकले मी," येसू म्हणाली.

"चुकलीस खरी. आता डावा पाय वीतभर सरकव. तिथं खाच आहे. हं, आता उजवा."

एकेक पाय सरकवत ती सुटली. अस्वलानं तिला केसाळ पोटाशी धरून शेकलं. आत्यानं कान उपटला आणि मग भाकरी हातात दिली.

आठवी गाठ चौघांनी मिळून सोडली. आणि शिमग्याच्या दिवशी नववं शिखर! तिथं अस्वलाचा श्वास पुरेना. मग चौघंही गाठीभोवती वाकले आणि गाल फुगवून फुंकायला लागले. गाठ सुटली! गोधडी फडफडली, हिवबाई दचकून उठली. "अगं बाई, शिमगा आला?" म्हणत गोधडी गुंडाळून धूम पळाली.

लख्ख ऊन पडलं. येसू ताठ उभी राहिली. ऊर भरून आला तिचा. नऊच्या नऊ!

आबा म्हणाले, "काय काय दिसतंय, सांग की मला."

येसूनं त्यांचा हात हातात घेतला आणि शिखरांकडे फिरवत फिरवत सांगायला लागली. "ते पहिलं आबा, तिथं अस्वलदादा भेटला. ते चौथं, तिथं मला ताप आला तर आत्यानं दोन दिवस मांडीवर घेतलं. ते सहावं, तिथं तुम्ही तळव्यानं चाचपून वाट काढलीत. ते आठवं..." तिनं आबांचा हात आणखी घट्ट धरला. "तिथं तुम्ही मला न्यायला आलात."

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि आत्या दुसऱ्यांदा गप्प झाली. आता बोला!

खाली वाडीत ढोल वाजत होते. पोरं उन्हात उड्या मारत होती, तान्हं खुदखुदत होतं. लोकांनी येसूला खांद्यावर घेतलं, "येसूनं केलं! येसूनं केलं!"

"केलंच मी," येसू हसून म्हणाली, "पण खांदे अजून तीन आणा. आणि एक जरा दणकट बघा, अस्वल जड आहे."

मग चौघांची वरात निघाली, आणि पुरणपोळीचं पहिलं ताट अस्वलापुढं मांडलं गेलं. ते जेवलं, आणि तिथंच ओसरीवर गाढ झोपलं. कारवाडीत सगळे सुखानं नांदले.

तुम्हीही मिटा आता डोळे. अस्वल झोपलंय, आवाज करायचा नाही.