गिळलेली गाडीवाट

एकदा एका गावातली गाडीवाट चोरीला गेली. दागिना जावा तशी एका रात्रीत नव्हे. वाटेच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराचे एकेक तास आत सरकवले, आणि दोन बैलगाड्या जाव्यात एवढी रुंद वाट माणसाने अंग चोरून चालावे इतकीच उरली. चोर सगळे सज्जन, एकादशी न चुकवणारे.

मागच्या पावसाळ्यात शेतवस्तीवरच्या एका अडलेल्या बाईला बाजेवर घालून चिखलातून न्यावे लागले. दवाखान्याची गाडी लांब सडकेवर उभी होती. मूल वाटेतच गेले. गाव हळहळले आणि पुढच्या पेरणीला पुन्हा एक तास आत सरकले. असल्या हळहळीला मी निर्लज्जपणा म्हणतो.

त्याच वस्तीवर शिवदास नावाचा तरुण शेतकरी राहत होता. शेती तो आबांकडून शिकला होता. आबा म्हणजे गावातले वृद्ध, जाणते शेतकरी. दूध सोसायटी त्यांनी उभी केली होती, आणि त्यांनी पेरणी धरली की मगच गाव तिफण जुंपायचे. शिवदासची बायको आता आठव्या महिन्यात होती. तो संतापून आबांकडे आला. कोणी किती वाट खाल्ली याची यादीच त्याने वाचून दाखवली आणि तहसीलदाराकडच्या अर्जावर सही मागितली. आबांनी सगळे ऐकून घेतले, सही मात्र केली नाही. सकाळी शेतावर ये, एवढेच म्हणाले.

सकाळी शिवदास पाहतो तो आबा वाटेकडेची आपली फुलांवर आलेली कपाशी उपटत होते. चांगल्या चार ओळी, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडच्या बांधावर दोघे जण म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून हसत होते.

शिवदासचा तोल सुटला. "आबा, चोर तिकडं हसतायत आणि तुम्ही स्वतःचं पीक उपटताय?"

आबांनी कंबर सरळ केली. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो हसणाऱ्यांवर नव्हता.

"तुझ्या यादीत माझं नाव न्हाई, म्हणून सही केली न्हाई. या वाटेत पहिलं तास मी घातलं. सोसायटीचा चेअरमन होतो, कुणी हटकलं न्हाई. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यानं घातलं. त्याला मी कुठल्या तोंडानं बोलणार? गाव माझं बघून पेरतं, तसं माझं बघूनच चोरायला शिकलं. ते लेकरू चिखलात गेलं, ते माझ्यामुळं. आणि तुम्ही मला शाली पांघरता."

शिवदासने खिशातली यादी उघडली. त्या यादीत आणखी एक नाव नव्हते. त्याच्या वडिलांनीही दोन तासे आत घातली होती, आणि त्यांतली मका यंदा त्यानेच पेरली होती. तो घरी गेला, विळा घेऊन आला आणि आपल्या शेतात उतरला.

सगळे गाव सुधारले असे सांगितले तर ती थाप होईल. त्या हसणाऱ्या दोघांनी एक रोपही उपटले नाही. बाकीच्यांना मात्र आबांच्या रिकाम्या ओळींवरून मान वर करून जाता येईना. एकेकाने पीक काढले, मुरूम टाकला. दसऱ्याआधी, भर पावसात, दवाखान्याची गाडी शिवदासच्या दारात येऊन उभी राहिली. त्या दोन शेतांपाशी तिची चाके पिकावरून गेली, आणि मालकांनी तोंड उघडले नाही.

गावाला वळण लावायला निघालेल्याने अर्ज लिहिण्याआधी आपला बांध मोजावा.