डॉक्टरीणबाईंची हडसन

“माप बरोबर आलं असेल, तर पुन्हा हात कशाला लावून बघायचा, वस्ताद?”

जयसिंगनं हे दुसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल वस्ताद त्याच्याकडं पाठ करून उभे होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. उघड्या इंजिनावर तळहात टेकला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि चहा प्यायला बाहेर गेले.

जयसिंगला याची सवय झाली होती. पुण्याच्या एका मित्राला त्यानं पत्रात लिहिलं होतं, ‘वस्ताद फार कमी बोलतात. दहा प्रश्न विचारले तर चारांचं उत्तर देतात. बाकीच्या सहांचं आपलं आपण शोधायचं.’

ही गोष्ट अडुसष्ट सालची, कोल्हापुरातली.

त्या काळी परदेशी गाड्यांचे सुटे भाग देशात येत नव्हते. बंदरावरच दार लागलं होतं. गाड्या मात्र होत्या. संस्थानाच्या काळात आलेल्या, लांबलचक, जड, तीस-तीस वर्षं झालेल्या. अशा गाडीचं काही मोडलं की मालकाला दोनच वाटा असत. एक भंगारवाल्याची. दुसरी उद्यमनगरात, बाबालाल शिकलगारांच्या शेडकडं जाणारी.

वस्ताद मोडलेला भाग हातात घेत, उलटासुलटा करून बघत, आणि तसाच दुसरा घडवत. कधी ट्रकच्या भंगारातून, कधी ओतकाम करून. मालकाला, ड्रायव्हरला, सोबत आलेल्या माणसाला ते खोदून खोदून विचारत. चढावर त्रास देते का? थांबताना काय होतं? वास कसला येतो?

जयसिंग चौगुले डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेला. कारखान्यातली नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी वस्तादांकडं शिकायला आला होता. केसाच्या दहाव्या भागाएवढं माप तो अचूक घेई. हे त्याला ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक असावं असंही त्याला वाटे.

डॉक्टरीणबाईंची हडसन ही पूर्णपणे त्याच्या हातावर सोडलेली पहिली गाडी.

डॉ. मनोरमा शिरगुप्पे डोंगराच्या पायथ्याला, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवत. गाडी त्यांच्या वडिलांची, अडतीस सालची. वरच्या वाड्यांपर्यंत जाईल असं त्या भागात दुसरं वाहन नव्हतं.

इंजिनाच्या पोटात जिथं दांडे फिरतात, तिथं मऊ धातूच्या वाट्या बसवलेल्या असतात. त्या झिजल्या होत्या. नव्या मिळणार नव्हत्या. वस्तादांनी जुन्याच वितळवून पुन्हा ओतल्या. त्या तासून, मापून, एकेक बसवण्याचं काम जयसिंगचं.

त्यानं ते केलं. माप तंतोतंत आलं.

मंगळवारी सकाळी दोघं गाडी पोचवायला निघाले. सपाटीवर ती रेशमासारखी आली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाईंनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बसा, चहा टाकते.”

चहा उकळायच्या आत केरबा आला. माळवाडीहून डोंगर उतरून धावत आला होता. त्याची बायको हौसा कालपासून अडली होती.

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली. “गाडी घाट चढेल ना, वस्ताद?”

वस्तादांनी जयसिंगकडं पाहिलं. “चढंल?”

“चढेल,” जयसिंग म्हणाला.

“मग मी चालवतो. बाई, तुम्ही मागं बसा. तू माझ्या शेजारी ये.”

चढ लागला. पहिली दोन वळणं गेली. ओढ्यावरची मोरी ओलांडताना जयसिंगच्या कानावर आलं...

टक्. टक्. टक्.

फार हळू. लांबच्या घराचं दार कोणी बोटानं वाजवावं तसं.

दांड्याची वाटी बिघडली की असंच वाजतं. हा आवाज कसला, हे त्याला सांगायला कोणी नको होतं.

वस्तादांनी मान वळवली. “काय ऐकू येतंय?”

जयसिंगला वाटलं, वस्तादांनी केव्हाच ओळखलंय. आता आपल्याला जोखतायत. तेही बाईंच्या देखत. होय म्हणावं तर माप चुकलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा हातावर सोडलेलं काम, आणि तेच चुकलं.

“काही नाही,” तो म्हणाला. समोर बघतच.

वस्तादांनी मान हलवली आणि गाडीची गती वाढवली.

जयसिंगला नवल वाटलं. एवढं ओळखूनही गती वाढवली? मग खरंच काही नसेल... आपल्यालाच भास झाला असेल.

मैलभर पुढं गेल्यावर मागून केरबा म्हणाला, “साहेब, खाली काय वाजतंय?”

वस्तादांचा हात त्याच वेळी गिअरच्या दांड्यावर आला. तळहाताला काय कळलं कोण जाणे, त्यांनी तिथंच इंजिन बंद केलं. गाडी कडेला थांबली. करपलेल्या तेलाचा वास आला.



“किती वेळ?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन तास. जास्त बी लागंल.”

“माळवाडी साडेतीन मैल आहे. मी चालत जाते.” बाईंनी चप्पल काढून केरबाकडं दिली आणि पदर खोचला. “मूल आडवं असलं तर तिला खाली आणून ऑपरेशन करावं लागेल. खाटेवरून न्यायची म्हटली तर ती पोचायची नाही. गाडी आली तर...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्या रागावल्याही नव्हत्या. जयसिंगला ते जास्त लागलं.

दोघं चढावर दिसेनासे झाले. वस्तादांनी खाली गोणपाट टाकलं आणि गाडीखाली गेले. पाण्याचा डबा रिकामा करून तेल त्यात काढलं. तेलात चांदीसारखे कण चमकत होते.

चौथ्या दांड्याची वाटी वितळली होती.

जयसिंग गुडघ्यावर बसून बघत राहिला. नवी ओतायची तर भट्टी हवी. भट्टी तीस मैलांवर कोल्हापुरात. त्याच्या डिप्लोम्यात याच्या पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

वस्ताद बाहेर आले. रस्त्याकडं बघितलं, झाडांकडं बघितलं. मग जयसिंगच्या कमरेकडं.

“पट्टा काढ.”

“काय?”

“कमरंचा. कातड्याचाच हाय न्हवं?”

पट्टा पुण्याहून आणलेला होता. पितळी बकलाचा. जयसिंगनं तो काढून दिला. वस्तादांनी खिशातला चाकू दगडावर दोनदा ओढला, पट्ट्याची वीतभर पट्टी कापली, आणि तिचा पापुद्रा काढत काढत ती पातळ केली. मग ती तेलात बुडवून ठेवली.

“धातूच्या जागी कातडं?” जयसिंग म्हणाला.

वस्ताद त्याच्याकडंच बघत होते. “थोडी वाट चालंल. किती चालंल म्हाईत न्हाई.”

“आणि माप कुठलं धरायचं?”

“ते बी म्हाईत न्हाई. मी गुंडाळतो. तू पुढनं इंजिनाचं हँडल फिरव, आन् मला सांग.”

वस्ताद खाली गेले. जयसिंगनं हँडल फिरवलं आणि वाकून त्यांच्याकडं बघत म्हणाला, “घट्ट आहे.”

पट्टी पुन्हा तासली.

“आता?”

“अजून घट्ट.”

“आता?”

जयसिंगच्या तोंडावर आलं होतं, बसलं म्हणून. उन्हं चढली होती. वर बाई वाट बघत असतील. त्यानं पुन्हा एकदा हँडल फिरवलं.

“एका जागी अडकतंय. अजून थोडं काढा.”

वस्तादांनी थोडं काढलं.

“आता बसलं, वस्ताद.”

त्या सिलिंडरची ठिणगी त्यांनी बंद ठेवली, म्हणजे त्या दांड्यावर जोर कमी येईल. तेल फडक्यानं गाळून परत भरलं. जयसिंगनं गोणपाटाची सुतळी ओढून काढली आणि पँट कमरेला बांधली. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली.

माळवाडीच्या तोंडाशी डॉक्टरीणबाई उन्हात उभ्या होत्या. गाडी दिसली तशा त्या वळल्या आणि ओरडून म्हणाल्या, “घ्या तिला बाहेर. सावकाश.”

चौघांनी हौसाला वाकळेवर उचलून मागच्या लांब सीटवर निजवलं. बाई तिच्या उशाशी बसल्या. केरबा पायाशी.

उतारावर जयसिंग पुढच्या सीटवर अर्धा वाकून बसला होता, कान समोरच्या फळीला लावून. दर थोड्या वेळानं डोकं वर काढून तो वस्तादांकडं बघे आणि सांगे.

“नाही वाजत.”

“नाही वाजत.”

एकदा म्हणाला, “वाजतंय. हळू.”

वस्तादांनी गाडी थांबवली. थोडं निवू दिलं. मागून हौसाचं कण्हणं ऐकू येत होतं. बाई तिला सांगत होत्या, “झालं गं, आलंच आता.” जयसिंगनं बोटं मुडपली, सोडली, पुन्हा मुडपली... मग गाडी निघाली.

“नाही वाजत,” जयसिंग म्हणाला.

नऊ मैलांना पावणेदोन तास लागले.

दवाखान्याचं आतलं दार बंद झालं. बाहेरच्या ओट्यावर तिघं बसून राहिले. केरबा पायाचा अंगठा जमिनीवर घासत होता.

साडेचारच्या सुमाराला नर्स दारात आली. “मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत.”

केरबा उभा राहिला, आणि पुन्हा खाली बसला. मग उठून धावत बाजाराकडं गेला. परत आला तो गुळाची ढेप घेऊन. दवाखान्यात असेल नसेल त्या सगळ्यांना तो गूळ वाटत सुटला. एका म्हातारीला दोनदा दिला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, खडा तोंडात टाकला, भिंतीला टेकून डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आता तो चहा.”

जयसिंगनं गूळ खाल्ला. सकाळपासून छातीवर धरलेलं काहीतरी आत हळूहळू सुटत होतं. एक सांगायचं मात्र उरलं होतं.

“वस्ताद,” तो शेजारून म्हणाला, “आवाज मला मोरीपाशीच आला होता.”

वस्ताद केरबाकडं बघून हसत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही.

जयसिंग उठला. ओट्यावरून उतरून त्यांच्या समोर उकिडवा बसला.

“वस्ताद, मोरीपाशी तुम्ही विचारलं ना, तेव्हाच मला आवाज आला होता. मी खोटं बोललो.”

वस्तादांनी त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

“का?”

“मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही परीक्षा घेताय.”

“परीक्षा?” वस्तादांच्या कपाळावर आठी आली. “अरं, मला म्हाईत नव्हतं.”

“काय?”

“आवाज हाय का न्हाई, ते.” त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. “दोन वर्सं झाली. ह्यो गेला. दुसरा बी जायच्या वाटंवर हाय. माणसाचं बोलणं तोंडाकडं बघून कळतंय. इंजिनाला कुठलं आलंय तोंड?”

आठ महिने तो त्यांच्या पाठीमागं उभा राहून प्रश्न विचारत आला होता.

“मग मला काढणार का तुम्ही?” तो शेवटी म्हणाला.

“कशाला?”

“वाटी माझ्यामुळं वितळली. आणि मी सांगितलं नाही.”

“वाट्या माझ्या हातनं बी वितळल्यात. उद्या दुसरी ओतू.” वस्तादांनी हातातला गुळाचा खडा मोडला आणि अर्धा त्याच्यापुढं धरला. “दुसरं मगाशी सांगितलंस की.”

जयसिंगनं खडा घेतला. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. तो ऐकायला केरबा दारापाशी जाऊन थांबला. वस्तादांनी केरबाचा चेहरा बघितला आणि तेही हसले.

जयसिंग त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असं तोंड केलं आणि सावकाश विचारलं,

“ऐकू येत नव्हतं, तर ही दोन वर्षं एवढ्या गाड्या चालत्या कशा ठेवल्यात, वस्ताद?”

वस्तादांनी तोंडातला गूळ संपवला.

“इचारून.”