लिंबाजी रंगाऱ्याची ओवी

भाविकहो, सोमगिरी महाराज तेव्हा वडजांबला नदीकाठच्या मठात मुक्कामाला होते. त्याच गावात लिंबाजी रंगारी नावाचा एक भोळा जीव राहत असे. लाकडी ठसे कोरायचे, रंगात बुडवून शेल्यांवर नक्षी छापायची, हा त्याचा धंदा. केस पिकले, नातवंडं झाली, आणि या वयात त्याच्या मनाने घेतलं की शिकायचं!

काय शिकायचं, ते मात्र त्याचं त्यालाच कळेना. आज म्हणे सही करायला शिकतो, उद्या म्हणे पत्रं लिहायला, परवा थेट संस्कृत. महाराज म्हणाले, "अरे, एकदम किती वाटांना लागलास? एक काय ते ठरव."

लिंबाजीने डोकं खाजवलं. "उत्सवात पोथी वाचतात ना महाराज, तिच्यातली एक ओवी माझी मला वाचता यावी. बाकी काही नको."

"ठरलं तर मग!" असं म्हणून महाराजांनी धूळपाटीवर बोटाने पहिलं अक्षर काढून दिलं.

मठात अक्षर बघायचं आणि घरी जाऊन घोकायचं. पण हात पडला रंगाऱ्याचा! विसरायला नको म्हणून लिंबाजीने प्रत्येक अक्षराचा ठसाच कोरला आणि अभ्यास केला तो ठशांकडे बघून. आता ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कापडावर सुलटं उमटतं. बिचाऱ्याने सगळी अक्षरं उलटीच पाठ केली! मठात पोथी उघडली, की त्याला ओळखीचं काही सापडेना. घरी तर घडाघडा येतं, मग इथेच काय होतं? त्याला स्वतःच्या डोळ्यांचा संशय यायला लागला. महाराजांना विचारावं, तर ते नुसते हसत. तो आणखीच गोंधळे.

उत्सवाचा दिवस आला. पोथी वाचायचा मान वैजनाथशास्त्र्यांचा. विद्या मोठी, पण जीभ फार तिखट. भरल्या सभेत ते म्हणाले, "काय रे रंगाऱ्या, म्हातारपणी पंडित होतोस म्हणे! ये, वाच. नाही जमलं तर पुन्हा पाटीला हात लावायचा नाही. कबूल?"

लिंबाजीने महाराजांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "कबूल," तो कसाबसा म्हणाला, आणि म्हणताक्षणीच पस्तावला.

"श्रीगणेशा नको हं, तो माझा पोपटही म्हणतो," असं म्हणत शास्त्रीबुवांनी मधलंच पान पुढे केलं.

लिंबाजीला पानावर नुसत्या मुंग्या दिसल्या. आता शिकणं संपलं! "महाराज, मला काहीच कळत नाही हो!" तो रडवेला होऊन ओरडला.

महाराज उठले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घरी वाचतोस तसं वाच."

लिंबाजीने खाली पाहिलं. अहो, काय सांगावं! पानावर त्याचीच अक्षरं होती, ठशांवर होती तशीच. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत त्याने अख्खी ओवी वाचली. सभेने जयजयकार केला.

"पाठ केलंय याने!" म्हणत शास्त्रीबुवांनी पोथी ओढून घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिले. पान उलटलं, डोळे चोळले, पुन्हा पान उलटलं. सगळ्या पोथीतली अक्षरं ठशांसारखी उलटी झाली होती! कोणीतरी मागे फिदीफिदी हसलं. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "लिंबाजी, हे पहिलं अक्षर कोणतं रे?"

"क आहे, बुवा," लिंबाजी सरळपणे म्हणाला.

"तुला रोज असंच व्हायचं?"

"रोजच."

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज म्हणाले, "उठा. पोथी उद्या पुन्हा पहिल्यासारखी होईल. आणि लिंबाजी, तू हुरळू नकोस. आज देवाने तुझ्यासाठी अक्षरं फिरवली. उद्यापासून तुला त्यांच्याकडे वळायचंय."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" लिंबाजी रडकुंडीला आला.

तेवढ्यात शास्त्रीबुवा त्याच्यापुढे आले आणि सगळ्या गावादेखत त्याला वाकून नमस्कार केला. "पहिल्यापासून मी शिकवतो," ते म्हणाले. "पण तू चुकलास आणि मी रागावलो, तर मला आजची आठवण करून दे."