पाटीवरचं नाव

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारात पोलीस येऊन उभे राहिले. वैद्यांच्या जीपने भर बाजारात एका हमालाचा पाय चिरडला होता. आता ती जीप वैद्यांनी कैक वर्षांपूर्वीच विकलेली. घेणारा 'उद्या कागद नावावर करून घेतो' म्हणाला आणि तो उद्या काही उगवला नाही. आपल्याकडे हे असंच चालतं! अपघात होताच तो पठ्ठ्या जीप तिथेच टाकून पसार झाला.

पोलिसांनी वैद्यांना चौकीत नेलं, तसा त्यांचा शिष्य हरिहर धावतच तिथे पोहोचला. तो आता साधासुधा राहिला नव्हता बरं का! दवाखान्यावर 'वैद्यराज' अशी सोनेरी पाटी, आज या गावी सत्कार, उद्या त्या गावी, आणि येत्या रविवारी 'भिषग्रत्न' ही पदवी मिळायची होती.

"साहेब, गुरुजींनी ती गाडी कधीच विकली. मी साक्ष देतो," तो म्हणाला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "विकली हे खरं. पण कागदावर नाव माझं आहे. जे काही असेल ते माझ्यावर घ्या."

त्यांनी सही केली आणि घरी न जाता तडक हमालाची खोली गाठली. मग ते रोजच जाऊ लागले. त्याच्या पायाला स्वतःच्या हाताने लेप लावत. हमालाची बायको तोंडाला येईल ते बोले, आणि गुरुजी खाली मान घालून ऐकून घेत.

एके दिवशी ते पाहून हरिहरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येताच तो म्हणाला, "करणारा पळाला आणि शिव्या तुम्ही खाता? कशासाठी, गुरुजी?"

"अरे, नाव लावायचं ते याचसाठी. ते मिरवायला असतं असं तुला कोणी शिकवलं? मी तर नाही. मी दुसऱ्याच्या हाती चाक दिलं आणि नाव माझं तसंच ठेवलं. हमालाचा पाय गेला. आणि श्रावणात सगुणाबाईचं लेकरू गेलं. ती तुझी पाटी वाचून आली होती. तू सत्काराला गेला होतास आणि तुझ्या गादीवर बसून औषध दिलं तुझ्या मेहुण्याने. नंतर ती रडत दारात आली, तेव्हा तू काय म्हणालास?"

हरिहरला आपलेच शब्द आठवले. 'मी त्या दिवशी गावातच नव्हतो, बाई,' असं तो म्हणाला होता.

रविवारी मांडवात शाल आणि हार वाट पाहत राहिले. हरिहर सगुणाबाईच्या दारात उभा होता. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"बाई, औषध माझ्या दवाखान्यातलं होतं. दोष माझा आहे."

मग तिने पदर सावरला आणि पाट पुढे सरकवला.

"बसा, वैद्यराज," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि हरिहरला नेमकं तेच सोसवेना.

आपणही नावाच्या मागेपुढे बरंच काही लावून घेतो. लावताना एवढंच विचारावं, की उद्या कुणी त्याच नावाने हाक मारत, रडत दारात आलं, तर आपण घरी असू का?