धुरपाचं माळवद

फार वर्षांपूर्वी, सावळदरीत सिमेंटचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हा सगळी घरं माळवदाची होती. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि वर हातभर पांढरी माती. ती माती ठोकून घट्ट केली की पाणी वरच्या वर वाहून जायचं.

त्या गावात धुरपा नावाची एक बाई होती. नवरा गेला तशी ती माहेरी, म्हाताऱ्या बापाजवळ येऊन राहिली. बाप लिंबाजी, त्याला ती आबा म्हणायची. आबानं जन्मभर गावाची माळवदं घातली आणि शेवटी एका माळवदावरूनच तो पडला. कंबर मोडली. वैदू म्हणाला, खाटेवरून उचलाल तर माणूस हाती लागायचा नाही.

आणि घर तर गळत होतं. आदल्या पावसाळ्यात आबा खाटेवर भिजला, तापानं फणफणला आणि कसाबसा वाचला. आणखी एक पावसाळा तो काढणार नाही, हे धुरपाला कळत होतं. तिनं ठरवलं, माळवद आपणच घालायचं आणि तेही आबाला न हलवता.

गाव शहाणपण शिकवायला पुढे आलं. पाटलांनी माती ठोकायचं गावातलं सगळ्यात जड धुम्मस काढून दिलं. "दणके घाल पोरी, दगडावानी व्हईल," ते म्हणाले. आबाला सोसतंय का बघायला धुरपानं ते खाटेजवळच्या भुईवर वीतभर उंचीवरून सोडलं. तुळई कण्हली आणि वरची माती आबाच्या डोळ्यांत पडली.

"छातीवर बसतंय गं," आबा म्हणाला.

तिनं धुम्मस परत केलं. मग ती घरोघर हिंडली. जे हत्यार मिळेल ते आणायची, आबाच्या उशाशी हळूच ठोकून बघायची. लोहाराच्या घणानं आबा दचकला. परटिणीच्या धोपाटण्यानं त्याला ठसका लागला. एकवीस घरांची एकवीस हत्यारं नापास झाली, असं म्हणतात.

शेवटी ती कुंभारवाड्यात गेली. कुंभारणीनं तिला मडकी घडवायची लाकडी थापटी दाखवली. पळीएवढं तिचं वजन.

"अगं, हिनं माळवद घालायचं म्हंजी जलम जाईल," कुंभारीण हसली.

"जाऊ दे की," धुरपा म्हणाली.

घरी येऊन तिनं थापटी वाजवली. थप, थप, थप. आबा ना दचकला, ना खोकला. तिनं वाकून पाहिलं, तर त्याला झोप लागली होती.

मग धुरपा वर चढली. तान्ह्याला थोपटावं तसं ती माळवदाला थोपटू लागली. खाली आबा निजला. शेजारची पोरं निजली. जुवाखाली बैल उभ्या उभ्या पेंगले. चावडीत पाटीलही निजले, पण ते एरवीही निजायचे, तेव्हा त्यांचं धरू नका. मृग लागला, ढग भरून आले आणि चिंचेच्या शेंड्यापर्यंत उतरून तेही डुलक्या घेऊ लागले. महिनाभर त्यांनी एक थेंब टाकला नाही, असं म्हणतात. धुरपाच्या तळहाताची साल निघाली, पण तिनं हात थांबवला नाही.

शेवटचा कोपरा झाला आणि थापटी थांबली. ढगांना जाग आली. चार दिवस, चार रात्री पाऊस कोसळला.

पाचव्या दिवशी आबानं डोळे उघडले आणि कोरडं अंथरूण चाचपलं. "धुरपे, औंदा पाऊस लांबला का गं?"

धुरपाला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दार उघडलं. बोळातून गुडघाभर पाणी वाहत होतं. आबा कितीतरी वेळ पाण्याकडे आणि लेकीकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्यानंतर तो सात पावसाळे जगला.

आता सावळदरीत पत्रे आले, स्लॅबही आले. पण छपराचं काम निघालं की आजही घर मोकळं करत नाहीत. घरातलं सगळ्यात धाकटं पोर खाली पाळण्यात निजवतात. घरात नसेल तर शेजारचं मागून आणतात. वर काम करणाऱ्याला त्या दिवशी धुरपा म्हणतात आणि पोराला आबा, मग पोर मुलगी का असेना. ठोकताना पोर जागं झालं की खालून हाक जाते, "धुरपे, आबा उठला!" आणि वरचा मिशाळ गवंडी मुकाट्यानं हातातलं हत्यार बदलतो.